खुंटावरचा नंबर

साऱ्या जंगल खात्यात वाघाला न भिणारा आणि कागदाच्या चिठ्ठीला भिणारा माणूस एकच होऊन गेला, आणि तो आमच्या वाट्याला आला. चंद्रपूर-गडचिरोली रस्त्यावर खात्याची एक शाळा होती, नव्या गार्डांना शिकवायची. तिच्या मागच्या खोलीत लायब्ररी. पुस्तकं सगळी जंगलाची: झाडं, किडे, वणवा, बांबू, जनावरं. ती सांभाळणाऱ्याला सगळे लायब्ररीभाऊ म्हणत. मी तिथे झाडूपोछा करायला आणि पाणी भरायला होते. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यामुळे पुस्तकांत काय होतं ते मला विचारू नका. भाऊंचं विचारा, ते मी सांगते.

भाऊ वाळवीला भीत. कपाटांचे पाय त्यांनी रॉकेलपाण्याच्या डब्यांत उभे केले होते आणि सकाळी आल्या आल्या उकिडवे बसून एकेक डबा बघत. उंदराला भीत, म्हणून स्वतःचा डबा उन्हापावसात बाहेर ओट्यावर बसून खात. कुलूप लावून फाटकापर्यंत गेले की परत येऊन ते ओढून बघत. तीनदा स्वतः येत, चौथ्यांदा मला पाठवत. एकदा एक मोठे साहेब बिडी ओढत आत आले. भाऊ दारात आडवे झाले. म्हणाले, "साहेब, जंगलातली आग तुम्ही विझोता, मंग इथी काऊन लावता?" साहेबांनी बिडी विझवली. भाऊंना मात्र दोन दिवस जेवण गेलं नाही. आणि एका रेंजरने बांबू कटाईच्या कॅम्पवर पुस्तक नेलं, आठ दिवस झाले तरी आणलं नाही, तेव्हा हाच माणूस एसटीने आणि मग दोन कोस जंगलातून पायी जाऊन ते घेऊन आला. त्या वाटेवर वाघीण होती, सगळ्यांना माहीत होतं. मी विचारलं, दिसली का? "दिसली ना, बाई. पन पुस्तक तिच्यापाशी नव्हतं."

पण भाऊंचं खरं वेड वेगळंच होतं. त्यांची पुस्तकं एका जागी राहत नसत. होळीच्या आधी वणव्याची पुस्तकं दारापाशी येत. उन्हाळा तापला की तिथे बिडीचा तेंदूपत्ता. मृगाच्या आधी रोपं आणि बिया, दिवाळीनंतर बांबू. दरवेळी दोन दिवस आम्ही दोघं ओझी वाहत असू. माझी कंबर त्यातच गेली. मी कटकट केली की म्हणायचे, "जंगल फिरून राह्यलं बाई, मंग कपाट काऊन एका जागी राहीन?" गार्ड लोक आत शिरत आणि त्या महिन्यात लागणारं पुस्तक हाताशीच सापडे. कोणाला काही विचारावं लागत नसे.

गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी नागपूरहून कागद आला. खात्याच्या सगळ्या लहान लायब्रऱ्या नव्या पद्धतीने लावायच्या. प्रत्येक पुस्तकाला ठरलेला नंबर, प्रत्येकाचं एक कार्ड, सगळीकडे एकसारखं. दिवाळीनंतर तपासणी. जिथे काम पुरं नसेल तिथली पुस्तकं पेट्यांत भरून नागपूरला जातील आणि लायब्ररी बंद. भाऊंनी तो कागद मला वाचून दाखवला, घडी करून खिशात ठेवला, आणि त्या दिवसापासून दर अर्ध्या तासाने खिसा चाचपायला लागले.

कागदासोबत नंबरांचं एक जाडजूड पुस्तक आलं होतं. भाऊ ते वाचत आणि घामेजत. "बाई, यानं जंगल शेतीत टाकलं." दुसऱ्या दिवशी, "बाई, साग उभा हाय तवर एका कपाटात आन आडवा पडला का दुसऱ्या कपाटात." वाघ तिसरीकडेच. बांबूपाशी तर ते आठ दिवस अडले. तो गवत की झाड? पेन्सिलीने नंबर घालत, घरी जात, सकाळी येऊन खोडत. पितृपक्ष गेला, दसरा गेला, पट्टा कमरेवर दोन भोकं आत गेला. मी रोज त्यांचा न उघडलेला डबा बघत होते आणि मलाही धडकी भरायला लागली होती.

दिवाळी आठ दिवसांवर आली तेव्हा पुस्तकांत नंबरांच्या चिठ्ठ्या घालून ती त्या क्रमाने लावून झाली होती, कार्डंही लिहून झाली होती, पण रंग खोडता येत नाही म्हणून एकाही पुस्तकाच्या पाठीवर नंबर चढला नव्हता. मी सरळ सांगितलं, "भाऊ, तुमच्यानं होत नाई. तिकडं मिशावाले गार्ड बसून राह्यले. लावा त्याईले."

"ते ब्रश घेऊन पुस्तकात, बाई?"

"मंग पेट्या आनू का मी?"

कार्डांचे खण आणायला भाऊंना चंद्रपूरला जायचंच होतं. जाताना गार्डांना बजावलं, चिठ्ठीवरचा नंबर पाठीवर घालायचा, बारीक घालायचा, आणि बसमध्ये चढेपर्यंत चारदा मागे वळून बघितलं.

आता गार्डांना नंबर घालणं एकच माहीत. तोडायच्या झाडावर ते दोन ठिकाणी नंबर घालतात, एक छातीच्या उंचीवर आणि एक अगदी बुडाशी. झाड तोडून नेलं तरी खुंट सांगतो, इथे कोण होतं. त्यांनी पुस्तकाच्या पाठीवर नंबर घातला, आणि पुस्तक जिथे उभं होतं तिथे खाली फळीवर तोच नंबर पुन्हा घातला. पांढऱ्या ऑइलपेंटने. सगळ्या कपाटांना. काम इतकं सफाईने चाललं होतं की मला वाटलं, असंच सांगितलेलं असेल. शेवटी डब्यात रंग उरला. भाऊंचं घरून आणलेलं लाकडी स्टूल होतं. एक गार्ड म्हणाला, "बाई, हे कोनत्यात धरू?" तोवर जंगलाचा नंबर ऐकून ऐकून मला पाठ झाला होता. मी म्हटलं, जंगलात धर. त्याने स्टुलाच्या पाटाखाली सहाशे चौतीस पॉइंट नऊ घातला आणि बुडाशी, म्हणजे फरशीवर, पुन्हा एकदा.

दुसऱ्या दिवशी भाऊ आले, फळ्यांकडे बघितलं आणि खालीच बसले. मग रॉकेलचा बोळा घेऊन पुसायला लागले. रंग वाळला होता. "सरकारी कपाटं, बाई," एवढंच म्हणत राहिले. मग हळूच, "आन आता हे कुठी सरकत बी नाई."

तपासणीचा दिवस आला. नागपूरचे साहेब चष्मा लावून कार्डं बघत होते, मग बोटाने फळी. एका ठिकाणी पुस्तक नव्हतं, नुसता नंबर. "हे कुठे गेलं?" भाऊंनी खण उघडला. कार्ड होतं, रेंजरचं नाव होतं, कालची तारीख होती. साहेबांनी खाली वाकून रंग नखाने खरवडला. "हे कोणी करायला सांगितलं?" भाऊ भिंतीकडे बघत होते. मीच बोलले, "कोनी नाई, साहेब. झाड नेलं तरी खुंट राह्यतो. गार्डाईले तशीच सवय हाय." साहेबांनी वहीत बरंच काही लिहिलं आणि जीपमध्ये बसले. हसले नाहीत, रागावलेही नाहीत.

पुढचे दिवस वाईट गेले. पोस्टमनची सायकल वाजली की भाऊ ओट्यावर, आणि मी हातात झाडू घेऊन मागे. शेवटी पत्र आलं. लायब्ररी ठेवली होती. फक्त फळ्यांवरचे आकडे खोडावेत, असं लिहिलं होतं. भाऊंनी पत्र घडी करून खिशात ठेवलं. आकडे कोणी खोडले नाहीत.

होळी जवळ आली. वणव्याची पुस्तकं मागच्या कोपऱ्यात, आणि भाऊंचे हात शिवशिवत होते. दोन दिवस ते नुसते फेऱ्या मारत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बाई, टेबल धरा." दारापाशी टेबल लावलं, वणव्याची सगळी पुस्तकं काढून त्यावर मांडली. मागे फळीवर पांढरे नंबर तेवढे राहिले. भाऊ तिथे उभे राहून म्हणाले, "जायची जागा मोकळी हाय बाई, आन यायची बी लिहून हाय." त्या दिवशी त्यांनी डबा पुरा खाल्ला.

पुढे ते रिटायर झाले आणि भद्रावतीला मुलाकडे गेले. जाताना कुलूप तीनदा ओढून बघितलं, चौथ्यांदा मला पाठवलं. स्टूल त्यांचं स्वतःचं होतं, ते रिक्षात घालून नेलं. नवीन माणसाने खुर्ची आणली, ती खिडकीपाशी ठेवली. भाऊंच्या जागी फरशीवर तेवढा नंबर राहिला. माझी नोकरी संपेपर्यंत मी रोज त्याच्यावरून पोछा फिरवला. ऑइलपेंट होता खरा, पण रोज घासला असता तर कधीतरी निघाला असता. मी कधी घासला नाही.