लो गिअरमध्ये नांदेड ते लातूर

दसऱ्यानंतरच्या रविवारी नांदेडहून लातूरला एस.टी.ने जायचा विचार असेल तर तो आधी मनातून काढून टाका. सुट्टीला घरी आलेली सगळी पोरं त्याच दिवशी क्लासला परततात आणि बसच्या दारात पाय ठेवायलाही जागा नसते. म्हणून मी ठरवलं, समीक्षाला आपल्या गाडीने सोडायचं. समीक्षा माझी मुलगी, अकरावीला लातूरला असते. त्याच दुपारी एक वाजता तिच्या क्लासची बॅच ठरवणारी परीक्षा होती. पहिल्या बॅचला सगळ्यात नावाजलेले सर, आणि जो परीक्षेला येणार नाही तो थेट शेवटच्या बॅचला, असं क्लासवाल्यांनी चक्क छापून दिलं होतं. एकच्या ठोक्याला गेट बंद.

आमची गाडी म्हणजे माझ्या रोपवाटिकेचा डबल केबिन ट्रक. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर मदतीला म्हणून परदेशातून ज्या गाड्या आल्या, त्यातली ही एक. पुढे बऱ्याच वर्षांनी लिलावात मला मिळाली. चारही चाकं ओढणारी आहे. पण त्यासाठी इतर जुन्या गाड्यांसारखा दांडा नाही, डॅशबोर्डवर गोल खटका आहे. एकदा फिरवला की चारही चाकं कामाला लागतात, आणखी फिरवला की गाडी 'लो'मध्ये जाते, म्हणजे जोर भरपूर आणि वेग बैलगाडीचा. आत हे सगळं गिअरबॉक्सला लावलेली एक छोटी मोटर करते. मला या खटक्याचा फार अभिमान. नवऱ्याला मी तो फिरवू देत नाही.

साडेसातला निघालो. लोह्याला चहा आणि पोहे घेतले (पोहे स्टँडसमोरच्या गाड्यावर खा, आत हॉटेलात नको). माळाकोळीच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं आणि वाहनं बाजूच्या शेतातून काढली होती. आदल्या रात्री पाऊस झालेला, त्यात काळी माती. माझ्यापुढे एक जीप रुतून बसली होती. मी ऐटीत खटका 'लो'वर फिरवला आणि तिच्या शेजारून गचके खात वर आले. समीक्षाने टाळ्यासुद्धा वाजवल्या.

डांबरी रस्त्यावर येऊन खटका परत फिरवला. काहीच झालं नाही. डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकायला लागला आणि गाडी 'लो'मध्येच राहिली. पुन्हा फिरवला, बंद करून चालू केली, न्यूट्रलला टाकून थांबले. तरी तेच. पंचवीसच्या पुढे काटा गेला की इंजिन किंचाळायचं. वळणावर चाकं रस्त्याला घासत कुरकुरायची. सायकलवाला एक दूधवाला बराच वेळ आमच्या बरोबरीने चालला होता आणि समीक्षाकडे बघून हसत होता.

अहमदपूरला पोचायला दहा वाजले. तिथे चौकातल्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं, टेस्टरचा दिवा इकडेतिकडे लावला, गाडीखाली डोकावून बघितलं आणि निकाल दिला.

"मोटर जळाली, ताई. हैदराबादहून मागवावी लागंल. आठ दिस धरा."

"आणि तोवर?"

"तोवर काय, जावा की असंच. सावकाश."

मी समीक्षाला घेऊन स्टँडवर धावले. एक बस न थांबताच गेली. दुसरीच्या दारात पोरं लटकली होती आणि कंडक्टरने लांबूनच हात हलवला. वडाप जीपच्या टपावरसुद्धा माणसं होती. शेवटी पुन्हा गाडीत बसलो. मी हिशेब केला : या वेगाने लातूर गाठेपर्यंत सव्वा वाजणार. समीक्षाच्या मांडीवर वही उघडी, पण पान उलटत नव्हतं. माझी पाचावर धारण बसली होती, आणि अशा वेळी मी फार बडबडते, तशी मी बडबडत होते.

चाकूरला पावणेबारा झाले. पाणी घ्यायला थांबले तर पानटपरीवाला गाडीकडे बघून म्हणाला, "ही तर भूकंपातली गाडी! हबीबचाचाला दावा." पुढच्या गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये हबीबचाचा बसले होते. पन्नाशीचा माणूस, डोक्याला रुमाल, समोर उघडा डायनामो. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि आधी घड्याळाकडे बघितलं.

"पेपर कितीला हाय?"

"एकला. गेट बंद होतं."

"मंग बोलत बसू नगा. बाळा, तू आत बस. मी म्हनलो की खटका फिरव."

समीक्षाने वही सीटवर टाकली. चाचा गाडीखाली सरकले. मी वाकून बघत होते आणि अर्थातच सल्ले देत होते.

"मोटर जळाली म्हणतात, चाचा."

"म्हनू द्या. कसं म्हनले?"

"टेस्टरचा दिवा लागला. म्हणजे करंट येतोय, तरी मोटर फिरत नाही."

चाचांनीही मोटरचा प्लग काढून त्यावर टेस्टर लावला. बारका दिवा लख्ख लागला. मग त्यांनी एक जुना हेडलाइटचा बल्ब मागून घेतला, त्याला दोन वायरी बांधल्या आणि तोच त्या प्लगला जोडला. "फिरव बाळा." बल्ब नुसता लालसर झाला, उदबत्तीच्या टोकाएवढा.

"बघा ताई. बारक्या दिव्याला घोटभर करंट पुरतो, त्यो लागनारच. हेडलाइट मोटरीसारखा खातो. त्याला पुरंना. करंट येऊन राहिला, पर माघारी जायला धड वाट न्हाई. अर्थिंग गेली हाय. मोटर बेकसूर हाय बिचारी."

प्लग परत बसवून त्यांनी बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक जाड केबल आणली आणि मोटरच्या अर्थच्या वायरीला टेकवली. "आता फिरव."

घर्रर्र... खट्. आतून समीक्षा ओरडली, "दिवा विझला!" माझा जीव भांड्यात पडला. मी त्या शेडमध्ये खाली तेलकट जमिनीवर बसलेच.

चाचा मात्र गाडीखालून बाहेर येईनात. "इकडं या जरा," म्हणाले. मी आत डोकं घातलं. अर्थची वायर जिथे चेसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, बोल्टने आवळली होती, तिथे त्यांनी टॉर्च धरला होता. वायरीखाली चकचकीत काळा रंग होता.

"ह्ये कुनी रंगवलं?"

आता काय सांगणार? खंडेनवमीला आमच्याकडे खुरपं-कुदळीपासून गाडीपर्यंत सगळी हत्यारं धुऊन-पुसून पुजतात. बाकीचे लोक वरून पाणी मारतात आणि झेंडूचा हार घालतात. मी यंदा चेसिससुद्धा खालून रंगवली होती. नीट व्हावं म्हणून वायरी सोडल्या, त्यांच्याखालीही दोन हात मारले, आणि वाळल्यावर पुन्हा घट्ट आवळल्या. रंगातून करंट जात नाही हे मी शाळेत शिकले होते. कसंबसं काही दिवस चाललं आणि माळाकोळीच्या गचक्यांत उरलासुरला स्पर्शही जवळजवळ सुटला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"मीच," मी म्हणाले.

चाचा हसत सुटले. "पूजा लई मनापासून केली, ताई!" समीक्षा पण हसली. मग त्यांनी पॉलिश पेपरने तेवढी जागा पांढरी होईपर्यंत घासली, बोल्ट आवळला, वर ग्रीस लावलं. एवढंच. तुमच्याकडे अशी जुनी गाडी असेल तर हेडलाइटचा एक बल्ब डिकीत ठेवा, आणि कुणी मोटर बदला म्हणालं की आधी अर्थ बघा.

हात पुसताना मी विचारलं, गाडी ओळखीची कशी? ते म्हणाले, "भूकंपात किल्लारीला सहा म्हयने असल्याच गाडीवर होतो. तवा पोरगा होतो. लो टाकूनच दगडं वढायचो. खाली मानूस असंल म्हनून सावकाश." समीक्षाने गाडीच्या पत्र्यावरून हात फिरवला. मग समीक्षाला ते म्हणाले, "कशाची परीक्षा हाय, बाळा?"

"बॅच ठरवायची. पुढच्या परीक्षेची तयारी कुणाकडे करायची ते ठरतं."

"म्हंजे परीक्षेच्या आधीची परीक्षा? या अल्ला. जा, जा, पळ."

त्यांनी पन्नासच रुपये घेतले. मी जास्त देत होते तर रागावले.

बारा वाजून दहा मिनिटांनी निघालो. पुढचा रस्ता चांगला आहे, फक्त आष्टामोडजवळ ट्रकांची गर्दी असते. लातूरच्या क्लासच्या रस्त्याला लागलो तर दोन्ही बाजूंना गुणवंतांचे फोटो, तीनतीन मजली. गेटसमोर बाराशे पोरं आणि तितक्याच आया. एकला चार मिनिटं कमी होती.

समीक्षा उतरली आणि खिडकीशी थांबली. "आई, पहिल्या बॅचला नाही आले तर?"

सकाळपासून माझ्या तोंडात 'येणारच तू' हे जे उत्तर तयार होतं ते बाहेरच आलं नाही. "तर दुसऱ्या बॅचला बसशील," मी म्हणाले. "पळ आता."

ती पळाली. मी गाडी लावून एका खानावळीत भाकरी, भरीत आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, आणि दोन भाकऱ्यांनंतर तिसरीही मागितली. परतताना चाकूरला थांबून चाचांना सांगितलं की पोचली. ते म्हणाले, "चला, सुटलो आपन." चारच्या सुमारास माळाकोळीला तोच चिखल लागला. खटका पुढे फिरवला, वर आले, मागे फिरवला. खट्. मी एकटीच मोठ्याने हसले.

आठवड्याने निकाल लागला. समीक्षा दुसऱ्या बॅचला गेली. नव्या वर्गात बसून आल्यावर फोनवर ती रडेल म्हणून मी खुर्ची ओढून, पाण्याचा तांब्या जवळ घेऊन बसले होते. काय काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं.

"आई," ती म्हणाली, "इथं वर्गात साठच पोरं आहेत. शंका विचारली तर सर चिडत नाहीत. आणि ऐक ना, काल रात्री मी सलग आठ तास झोपले. जूनपासून पहिल्यांदा."

जूनपासून पहिल्यांदा. हे मला माहीत नव्हतं. मी रोज फोन करत होते, आणि हे मला माहीत नव्हतं.

"अजून सांग," मी म्हणाले, आणि ती सांगत राहिली.