चुलीचा गळा

पाळणाच दिसे ना. सैपाकघरात एवढं धुपट झालतं का समोरचा हात दिसून नाई राह्यलता. माहं लेकरू आढ्याले टांगलेल्या पाळण्यात, अन् धूर तं वरच जाते. मी चाचपडत गेली, दोरी सापडली, लेकराचा पाय सापडला. तसंच ओढून काढलं अन् आंगणात पळाली. लेकरू रडेच ना. नुसतं तोंड उघडं. पाठीवर थापटलं, थापटलं, मंग ते खोकललं, अन् असं रडलं का त्याच्यासंगं मीबी रडली.

आखाजीचा सण होता. पुरणासाठी मोठा जाळ करून चुलीच्या दोन्ही डोळ्याईवर भांडे चढवले होते.

सासू वाडीतून वांगे तोडून येऊन राह्यली होती. धूर पाहून टोपलं तिथंच टाकलं. "म्या म्हणलंच होतं! पंचायतीची चूल! कुदळ आना, आत्ता फोडतो!"

ही चूल कशी आली ते सांगतो. आमचं गाव केळझरपासून जवळच. मी लगन होऊन आली तवा सैपाकघरात धूर असा का डोळे लाल, अन् लेकरू झाल्यावर त्याची छाती सारखी वाजे. पाळणा गोठ्याजवळ टांगावा लागे. मंग ग्रामपंचायतीनं ठरवलं, ज्याईच्या घरी लहान लेकरू आहे तिथं पह्यले बिनधुराची चूल लावून द्याची. पंचायतीनं गावातलीच एक बाई शिकवून तयार केलती. तिले सारे चूलवाली मावशी म्हणत. तिनं माती कालवून चूल घडवली, मागून नळी काढली, छपराचे कवेलू सरकवून वर नेली. सासू म्हणे, "घराले भोक पाडून राह्यली, पानी आलं तं तुह्या घरी झोपाले येईन." मावशी हासून म्हणे, "या ना काकू, माह्या घरी दोन भोकं हायेत."

पन धूर गेला हो. कपाशीच्या पऱ्हाट्याईच्या एका भाऱ्यात पह्यलेपेक्षा जास्त दिवस सैपाक होऊ लागला. रानात जानं कमी झालं. लेकराची छाती वाजनं थांबलं. म्हणून तं पाळणा आत आनला.

मंग त्या दिवशी झालं काय? मले माहीत होतं. आंगणात लेकरू घेऊन बसली तवाच कळलं.

मी रोज सकाळी चूल पोतारत होती. शेणमातीचा हात फिरवल्याबिगर चूल पेटवाची नाई, हे मायनं शिकवलं. मावशीनं सांगितलं होतं, "बाहेरून पोतार, आत हात घालू नको." पन मले वाटे, सरकारनं देल्ली एवढी चांगली चूल, ते आतून काळी काऊन ठेवाची? मी कोपरापर्यंत हात घालून आतूनबी पोतारत होती. रोज. थरावर थर. सणासाठी तं दोन हात दिले.

कोणी तरी मावशीले बोलावून आनलं. तिनं चूल थंडी होऊ देल्ली, मंग हात घातला. चूल अन् नळीच्या मधात जो गळा असते, तिथून वाळल्या शेणमातीचं एक ढेपूल निघालं. गुळगुळीत. त्यावर माह्या बोटाईचे वळ.

मावशीनं ते पाह्यलं. मंग माह्याकडे पाह्यलं. मी लेकराच्या टाळूत तोंड घातलं.

"काय निघालं वं?" सासू कुदळ धरून उभी.

"माहंच चुकलं काकू," मावशी म्हणाली. "गळा लहान ठेवला मी. आत्ताच मोठा करून देतो. चूल नका फोडू, लेकराची छाती पुन्हा वाजन."

सासूनं कुदळ ठेवली. पन तोंड नाई ठेवलं. पुढच्या ग्रामसभेत उभी राहून बोलली, "असे हात असन तं लोकाईचे लेकरं मारान तुमी!" सरपंचानं मावशीले साऱ्याईसमोर विचारलं. ते खाली पाहून म्हणाली, "हो, माही चूक." मी मागं बायाईत बसलेली, लेकरू मांडीवर. उठाले गेली, अन् लेकराले छातीशी धरून तशीच खाली बसली. सांगितलं असतं तं सासूनं मले मायच्या घरी धाडलं असतं, अन् चूल फोडली असती ते वेगळंच.

आता लेकरू वाडीत पळते. पह्यले वांगे निघाले का मी पदराखाली झाकून मावशीले नेऊन देतो. मावशी एवढंच म्हणते, "बाहेरूनच पोतारतं ना वं पोरी?"

मी मान हालवतो, अन् मनात तिचे पाय धरतो.

चूल आहे, लेकरू आहे, ते तिच्यानंच. पन गावात आजबी तिच्या हाताले नाव ठेवतात. तुमी त्या सभेत माह्या जागी असत्या, मांडीवर लेकरू असतं, तं उठून बोलल्या असत्या का?