नाल्यातला गोटा आणि अडीच इंच

"उंचीला पर्याय नाही."

हे वाक्य आमच्या ट्रस्टच्या अध्यक्षांनी माझ्या बुटांना उद्देशून म्हटलं. बाकीचा मी त्या वेळी गाडीखाली होतो.

"भाऊसाहेब, किट बसत नाही," मी खालून म्हणालो.

"बसत नाही म्हणजे? मुंबईहून आलंय."

"मुंबईहून आलंय, पण बसत नाही."

"तुम्ही नीट बसवत नसाल."

आमचा ट्रस्ट अमरावतीचा. पातूरला त्याचं एक छोटं हॉस्पिटल होतं. एकूण सात गाड्या होत्या आणि त्या चालत्या ठेवणं हे माझं काम. हुद्दा ट्रान्सपोर्ट इंजिनिअर. सातांपैकी एकच गाडी फोर-व्हील-ड्राइव्ह होती, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना जाणारी. वय वीस-बावीस वर्षं. लष्कराच्या लिलावातून निघून दोन-तीन मालक पाहून आमच्याकडे आलेली. पातूरच्या डोंगराकडे, नाल्यापलीकडे सहा गावं आहेत. त्यांची फेरी या गाडीकडे होती. लशी, गोळ्या आणि अडलेली बाळंतपणं.

कापसानं लोकांची कंबर मोडली होती ती ही वर्षं. वऱ्हाड रोज पेपरात यायचं, त्यामुळे बाहेरून पाहुणेही यायचे. महिन्याभरात अशीच एक समिती येणार होती. तिच्यासमोर उंच, दणकट गाडी उभी करावी असं अध्यक्षांच्या मनात होतं. त्यांचा पुतण्या पुण्यात असल्या गाड्या हौसेनं डोंगरावर चढवायचा. त्यानंच गाडी चार इंच उचलणारं हे लिफ्ट किट सुचवलं होतं. लाकडी पेटीत, भुशात झोपवून आलं होतं ते.

गाडी उंच व्हावी असं नलिनी सिस्टरलाही वाटत होतं. कारण वेगळं होतं.

सिस्टर पातूरच्याच. घरचा फुलांचा आणि भाजीचा मळा. उंची चार फूट दहा इंच, आवाज सहा फुटांचा. मागच्या वर्षी श्रावणात नवव्या महिन्यातली एक बाई घेऊन त्या नाल्यातून येत होत्या. मधल्या गोट्यावर गाडीचं पोट टेकलं. पुढचं एक चाक आणि मागचं एक चाक हवेत गरगर फिरत राहिलं. गाडी हलेना. सिस्टरनं बाळंतपण नाल्यात, गाडीतच केलं. बाळ-बाळंतीण दोघं वाचली. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी मात्र यंदा सांगून टाकलं, गाडीचं काही केलं नाही तर पलीकडची फेरी बंद. दरवेळी नशीब साथ देणार नाही.

"दिवाळीच्या आत तिघी हायेत माह्या तिकडं," सिस्टर मला म्हणाल्या होत्या. "फेरी बंद केली त त्या काय थांबतीन? तुमी गाडी उचला, साहेब. बाकी मी पाहून घेतो."

पोळा होऊन गेला होता. नाला वाहत होता. तिघींपैकी पहिलीच्या बाळंतपणाला तीन आठवडे होते, आणि तेवढेच माझ्याकडे.

आता थोडं यंत्राबद्दल. जुन्या गाड्यांत चाकाच्या ॲक्सलवर, म्हणजे आसावर, पोलादी पट्ट्यांची चळत असते. वाकवलेल्या, एकीवर एक ठेवलेल्या. त्यांना पाटे म्हणतात. गाडीचं सगळं ओझं या पाट्यांवर. पाटे जास्त वाकडे केले की गाडीचं अंग चाकांपासून वर उचललं जातं. त्यालाच सस्पेन्शन लिफ्ट म्हणतात. ऐकायला सोपं आहे. पण अंग वर गेलं की शॉक ॲब्सॉर्बर आखूड पडतात. ब्रेकची नळी ताणली जाते. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारा प्रोपेलर शाफ्ट जास्त तिरका होतो आणि त्याचा सांधा, ज्याला मेकॅनिक 'क्रॉस' म्हणतात, तो लवकर मरतो. स्टिअरिंगचा दांडा तिरका होऊन गाडी एका बाजूला ओढते. म्हणजे एक पार्ट बदलला की त्याच्या सगळ्या नातेवाइकांची समजूत काढावी लागते.

मी ती काढली होती. निदान तसं मला वाटत होतं. आर.सी. बुकातून मॉडेल आणि वर्ष घेतलं, कॅटलॉगशी ताडून पाहिलं, एकेक पार्टनंबर स्वतः लिहून ऑर्डर दिली. किट आलं. मागचे पाटे चपखल बसले. पुढचे हँगरच्या, म्हणजे पाटे ज्यात अडकवतात त्या कडीच्या, खोबणीतच शिरेनात. अर्धा इंच रुंद.

गाडीखाली पडल्या पडल्या मला उलगडा झाला. कुठल्या तरी मालकानं पुढचा ॲक्सल, पाटे आणि हँगर असं सगळं धूड आणखी जुन्या गाडीचं काढून हिला वेल्ड केलं होतं. आमच्या गाडीचा पुढचा भाग मागच्या भागापेक्षा वयानं मोठा होता. आर.सी. बुकात अशा सोयरिकीची नोंद नसते. इंजिनिअरनं मात्र गाडीखाली शिरायच्या आधी कागद वाचला होता.

ड्रायव्हर वासुदेव बाजूला उभा होता. अध्यक्ष गेल्यावर म्हणाला, "साहेब, अकोल्याले चाला. हमीद उस्तादकडं."

"कोण हमीद उस्ताद?"

"पाटेवाले. ट्रकवाले जाते त्याइच्याकडं."

"त्यांच्याकडे कॅटलॉग आहे?"

वासुदेव किटची पेटी गाडीकडे ओढू लागला.

अकोल्याला ट्रकदुरुस्तीच्या ओळीत उस्तादांचं दुकान होतं. एक भट्टी, एक ऐरण, तेलाचा हौद आणि भिंतीशी जुन्या पाट्यांची रास. उस्ताद साठीचे, बारीक, दाढी मेंदीची. मी किटची पेटी उघडून दाखवली. त्यांनी एक पाटा उचलला, बोटानं वाजवला, कान दिला आणि परत ठेवला.

"माल चांगला हाय," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या गाडीचा हाय."

मी मॉडेल आणि वर्ष सांगू लागलो. त्यांनी हात वर केला.

"साहेब, नंबर नोका सांगू. गाडीत रोज कोन बसते, ते सांगा."

"म्हणजे?"

"रोज बसते ते सारे उद्या आना. सामान बी आना. रिकाम्या गाडीचं माप घेऊन काय करू? रिकामी जाते काय ते?"

माझ्या सबंध नोकरीत मला हे कुणी विचारलं नव्हतं. कॅटलॉगमधली सगळी मापं रिकाम्या गाडीची असतात.

दुसऱ्या दिवशी सिस्टर पातूरहून बसनं आल्या. लशींची शीतपेटी, औषधांच्या ट्रंका, पाण्याचे कॅन, सगळं जागच्या जागी ठेवलं. वासुदेव स्टिअरिंगवर बसला, सिस्टर मागे. अध्यक्ष त्या दिवशी मीटिंगसाठी अकोल्यात होते. पाहणीला आले आणि सवयीनं पुढच्या सीटवर जाऊन बसले.

उस्ताद खिडकीशी गेले. "तुमी रोज बसता काय?"

"मी ट्रस्टचा अध्यक्ष आहे."

"मालूम हाय. रोज बसता काय?"

"रोज नाही."

"मंग उतरा."

अध्यक्ष उतरले. गाडीचा तो कोपरा पाऊण इंच वर आला. काहीही न बसवता मिळालेली ही पहिली उंची.

पेशंट म्हणून शेजारच्या दुकानातून सरकीच्या ढेपेचं एक पोतं आणून मागे आडवं ठेवलं.

"एक पेशंट," उस्ताद म्हणाले.

"एकटी कायले येईन, चाचा?" सिस्टर आतून म्हणाल्या. "संग सासू असते, नवरा असते, अन् गावातली एक बाई असते जिले सारंच समजते."

आणखी तीन पोती आली.

"समजदार बाई जाड हाय का बारीक?"

"जाडच असते."

त्या पोत्यावर आणखी अर्धं पोतं ठेवण्यात आलं.

मग उस्तादांनी खिशातून सुतळी काढली. चारही चाकांशी बसून मडगार्डपासून चाकाच्या मध्यापर्यंत मापं घेतली. दर मापाला एक गाठ. उजवी पुढची बाजू डावीपेक्षा अर्धा इंच खाली होती, कारण वासुदेव आणि बॅटरी एकाच बाजूला बसतात. मी हे वर्षानुवर्षं पाहत होतो. मला ते कधी दिसलं नव्हतं.

"गोटा केवढा हाय?" त्यांनी सिस्टरना विचारलं.

सिस्टर खाली उतरल्या. चप्पल काढून त्यांनी पोटरीवर बोट ठेवलं. "इथवर. त्याले टेकूनच उभी होती मी, दोन घंटे."

"हलवून पाह्यला?"

"हलला असता त इथं कायले आलो असतो?"

उस्तादांनी जमिनीपासून त्या बोटापर्यंत सुतळी धरली आणि गाठ मारली. मग सिस्टरना परत जागेवर बसवलं आणि गाडीखाली शिरून, पोटाखालच्या लोखंडी गार्डपासून जमिनीपर्यंत तीच सुतळी लावली. गाठ गार्डच्या वर दोन इंच गेली. गार्डवर मागच्या वर्षीचा ओरखडा होता. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. नंतर प्रोपेलर शाफ्टवर तळहात ठेवून तो सावकाश फिरवायला लावला. डोळे मिटलेले. डॉक्टर नाडी पाहतात तसे काही क्षण गेले.

"चार इंच नाही," बाहेर येऊन ते म्हणाले. "चार केले त हा सांधा तुमाले नाल्यातच सोडून देईन. अडीच. आज पावणेतीन बनवतो. पंधरा रोजात अडीचवर बसतीन."

अध्यक्ष म्हणाले, "चार सांगितलेत आपण समितीला."

"समिती नाल्यात येनार हाय?"

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.

मी इंजिनिअर होतो. मला असं तळहातावर सोडून चालणार नव्हतं. मी शाफ्टची लांबी घेतली, कोनमापक लावला आणि दुकानाबाहेरच्या बाकावर बसून वहीत दीड पान गणित केलं. क्रॉस सुरक्षित राहील अशी कमाल उंची आली दोन पूर्णांक आठ दशांश इंच. मी वही बंद केली. तोवर उस्ताद भट्टी पेटवून बसले होते.

पुढचे दोन दिवस मी तिथंच होतो. काही काम नसताना. गाडीचाच जुना पाटा भट्टीत तापायचा. उस्ताद रंगाकडे बघत राहायचे, आणि मला सगळे लाल सारखेच दिसत असताना एका लालवर म्हणायचे, "बस." घणवाला त्यांचा मेहुणा. त्याला ते शब्दानं काही सांगत नव्हते. स्वतःच्या छोट्या हातोडीनं पाट्यावर टक् करायचे. जिथं टक्, तिथं घण. वाक आला की पाटा तेलात बुडवायचा. तेलातून निघालेला पाटा काचेसारखा असतो. कडक पण ठिसूळ. त्याला लवचीक करायला पुन्हा थोडा तापवावा लागतो. थोडा म्हणजे किती, यासाठी माझ्या कॉलेजात एक यंत्र होतं. उस्तादांकडे बाभळीची वाळकी काडी होती. ती तापत्या पाट्यावर घासायची. आधी ती अडखळली. मग धुरावली. मग अचानक साबणावरून घसरावी तशी गुळगुळीत घसरली आणि टोकाशी बारीक ठिणग्या उडाल्या. त्याच क्षणी पाटा बाहेर.

"हे कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"वालिदनं. त्याइनं तं काडी बी नाही घेतली. थुंकून पाहत."

पुढचे दोन्ही पाटे त्यांनी जाणूनबुजून वेगळे केले. वासुदेवच्या बाजूचा अर्धा इंच जास्त वाकडा. जमिनीवर शेजारी ठेवले तेव्हा एखाद्याला वाटावं, माप चुकलं. गाडीच्या मागच्या जुन्या पाट्यांनाही नवा वाक दिला. ॲक्सल आणि पाटे यांच्यात तिरक्या पाचरी ठोकल्या, म्हणजे शाफ्टचा सांधा सरळ रेषेत राहावा. शॉक ॲब्सॉर्बर शेजारच्या दुकानातून एका टेम्पोचे आणले. लांबी सुतळीनं पाहिली. किटमधल्या ब्रेकच्या नळ्या तेवढ्या उपयोगी पडल्या.

गाडी जमिनीवर आली. माणसं आणि पोती पुन्हा चढली. मी स्वतः टेप घेऊन चारही कोपरे मोजले. चारही एकसारखे. पुन्हा मोजले. मग टेप खिशात ठेवली.

"मशीनवर सुद्धा असं येत नाही," मी शेवटी म्हणालो.

"मशीनले सिस्टर कुठं मालूम हाय?" उस्ताद म्हणाले आणि हात धुवायला गेले.

चार दिवसांनी आम्ही नाल्यावर गेलो. गाडी तशीच भरलेली. मी गुडघाभर पाण्यात, गोट्याशी वाकून उभा. वासुदेवनं लो गिअर टाकला. पुढची चाकं उतरली, गाडी डुलली, आणि गार्ड गोट्यावरून सरकू लागला. मी मध्ये बोट घातलं. करंगळीला थोडी जास्त जागा होती. कुठंही टेकलं नाही. आवाजसुद्धा झाला नाही. वासुदेवनं पलीकडे जाऊन विचारलं, "गेली काय?"

पंधरा दिवसांनी पुन्हा मोजलं. अडीच. माझ्या टेपवर त्या रेघेच्या मागेही नाही आणि पुढेही नाही.

मधल्या काळात समिती आली. नाल्याच्या अलीकडे थांबली आणि परत गेली. अध्यक्षांनी भाषणात चार इंच सांगितले.

तिघींपैकी पहिलीची वेळ आली तेव्हा मी गाडीत होतो. पाटे कसे बसलेत ते पाहायला गेलो होतो. नाला बिनबोभाट ओलांडला. गावात पोचलो. बाई घरातून सासूच्या आणि सिस्टरच्या खांद्यावर हात टाकून आली, गाडीच्या मागच्या दारापर्यंत आली, आणि थांबली. तिनं पाय उचलून पाहिला. पोहोचेना. पुन्हा उचलला. कळ आली तशी खाली बसली.

आम्ही सगळ्यांना मोजलं होतं. सासू, नवरा, समजदार बाई. पेशंटलाही मोजलं होतं, पण पोतं म्हणून, आणि पोतं आम्ही उचलून ठेवलं होतं. चढताना कुणाला पाहिलंच नव्हतं. सिस्टर स्वतः दाराला लोंबकळून चढत होत्या आणि बोलल्या नव्हत्या.

सासूनं आधी गाडी पाहिली, मग मला. "उची गाडी आनली बाप्पा. आता बाईले काय शिडी लावता?"

वासुदेवनं मागून लाकडी पेटी ओढली. किट ज्या पेटीतून आलं ती. तो तिच्यात साखळ्या आणि पाने ठेवायचा. त्यानं सगळं ओतून दिलं आणि पेटी दारापुढे पालथी घातली. बाई पेटीवर चढली, तिथून आत. अर्ध्या तासात आम्ही नाल्याच्या अलीकडे होतो. मुलगी हॉस्पिटलच्या खाटेवर झाली. पुढच्या दोघीही दिवाळीच्या आत, त्याच पेटीवरून आल्या. फेरी बंद झाली नाही.

मी नंतर उस्तादांना हे सांगितलं. त्यांनी हातोडी खाली ठेवली. "चुकलं," म्हणाले. "चढवून पाहाले पाह्यजे होतं." तेव्हापासून मी गाडीचं माप घेताना सगळ्यांना आधी उतरवतो आणि पुन्हा चढायला लावतो.

मुंबईचं किट अजून स्टोअरमध्ये आहे. पेटी गाडीत आहे. तिच्यावर मोठा बाण आहे आणि 'धिस साइड अप' असं छापलेलं आहे. ती बाजू आम्ही खाली ठेवतो. पाय ठेवायला तळ जास्त सपाट आहे.