नानांचं बेट

नानांनी तळ्यात मुरमाचा ढिगारा टाकून त्यावर शेळी बांधली, तेव्हा मी ओळखलं की प्रकरण हाताबाहेर चाललंय.

"हे आमचं बेट, सायेब. आता रेघ बेटापासनं मोजा," नाना म्हणाले.

माझी नोकरी समुद्राचे चार्ट काढण्यात गेली. चार्ट म्हणजे पाण्याची खोली दाखवणारा नकाशा. रिटायर झाल्यावर मुद्दाम सोलापूरला राहायला आलो, कारण इथे समुद्र नाही. पण मोडनिंबच्या मेव्हण्याने "आमचे दाजी देशादेशांच्या हद्दी आखतात" अशी जाहिरात करून ठेवली होती. मी आयुष्यात एकही हद्द आखली नव्हती, नुसती खोली मोजली होती. ऐकतो कोण!

तळं म्हणजे मोडनिंबजवळची पाणी साचलेली जुनी दगडाची खाण. एका काठाला नाना, त्यांची चाळीस एकर द्राक्षबाग आणि दोन ट्रॅक्टर. दुसऱ्या काठाला शेवंताबाई, दीड एकर रान आणि पत्र्याचं घर. दोघांनाही मासे पाळायचे होते, म्हणून मध्ये जाळी बांधायची ठरली. जाळी नेमकी कुठे, यावर भांडण पेटलेलं, म्हणून मेव्हण्याने मला बोलावून घेतलं.

मी आधी मध्यरेषा काढली, म्हणजे दोन्ही काठांपासून सारख्या अंतरावरची रेघ. मग दोरीला वजन बांधून खोली मोजली. खोल डोह सगळाच्या सगळा नानांकडे गेला.

"उथळ पाण्यात माजं मासं उन्हाळ्यात शिजून मरतील की वो," शेवंताबाई म्हणाली. "लेकीच्या नर्सिंगचं शेवटचं वरीस हाय. समदं ह्या माशांवरच हाय."

समुद्रात अशा वेळी रेघ सरकवतात. मध्यरेषा ही फक्त सुरुवात, त्यात कुणावर अन्याय होतोय का ते नंतर बघायचं. मी तसं सुचवलं. दुसऱ्याच दिवशी नानांनी ट्रॅक्टर लावून शेवंताबाईकडच्या गुडघाभर पाण्यात हे बेट उभं केलं. आता ते म्हणतील तशी रेघ धरली, तर तिच्या वाट्याला चिखलच उरला असता.

माणसाने बनवलेलं बेट हद्दीसाठी धरतच नाहीत. पण हे नानांना पटवण्यात माझा रक्तदाब वाढला असता. मी दुसरा नियम काढला.

"नाना, ज्या खडकावर माणसाचा निभाव लागत नाही, त्याला फारसं पाणी मिळत नाही. उद्या दिवस मावळेपर्यंत बेटावर राहून दाखवा. काठावरून काही मागवायचं नाही. जमलं तर बेट खरं."

"एवढंच व्हय? बसतो की!"

सकाळी नाना खुर्ची, छत्री, भाकरी आणि पाण्याचा जार घेऊन बेटावर गेले. दुधाला शेळी होतीच. ऊन असं की मुरूम हाताला चटके देत होता, पण नाना मजेत. दुपारी चक्क घोरत होते. शेवंताबाईचा चेहरा पडला. माझाही. हा नियम काढायची दुर्बुद्धी मला कुठून सुचली, असं झालं.

चार वाजता मी पँट वर दुमडून पाण्यातून पाहणीला गेलो. मला बघताच नाना उठले, खुर्ची पुसली, मला बसवलं आणि काठाकडे तोंड करून ओरडले, "शेवंते, सायेब आल्यात! चा टाक गं!"

शेवंताबाईने लगेच चहा टाकला. किटली डोक्यावर धरून, पाणी तुडवत ती बेटावर आली. तीन कप भरले. नानांनी बशीत ओतून भुरका मारला आणि माझ्याकडे बघून थांबले.

"ह्यो धरायचा न्हाई, सायेब. ह्यो पाव्हण्यासाठी सांगितला."

"चहा काठावरून आला, नाना. तोही शेजारच्या देशातून."

शेवंताबाई पदर तोंडाला लावून इतकी हसली की शेळी बिचकली. नानांनी बशीत पुन्हा थोडा चहा ओतून भुरका मारला. मग म्हणाले, "साखर बरुबर हाय," आणि उरलेला चहा संपवला.

दुसऱ्या दिवशी जाळी डोहाच्या मधोमध बांधली. निम्मा डोह शेवंताबाईला मिळाला. दोरीचं एक टोक नानांनी स्वतः धरलं, तोंड फुगवून का होईना.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत न शिकलेली एक गोष्ट मी त्या गुडघाभर पाण्यात शिकलो. आपल्याकडचा माणूस भर उन्हात उघड्या खडकावर दिवस काढू शकतो, पण पाहुण्याला चहा विचारल्याशिवाय राहू शकत नाही.