डावरी रायफल

अण्णा माणसाचा चेहरा नंतर बघत, आधी हात बघत. आमच्या नेमबाजी क्लबात कुणी नवा आला की त्याने कॉफीचा पेला कुठल्या हाताने उचलला, सही कुठल्या हाताने केली, यावर त्यांचं बारीक लक्ष. उजवा निघाला की कन्नडमध्ये "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणून पुन्हा खुर्चीत टेकत. मी नागपूरहून नोकरीसाठी बेंगळुरूला आलेली. रविवार जाता जात नव्हता म्हणून देवनहळ्ळीच्या पुढच्या या क्लबात नाव घातलं. पहिल्याच दिवशी या म्हाताऱ्याने माझ्या पेल्याकडे बघून तोंड पाडलं. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं.

कारण पुढे कळलं. अण्णा मूळचे निपाणीकडचे आणि जन्माचे डावरे. घरी ताटावर आणि शाळेत पाटीवर मार देऊन देऊन त्यांना उजवं करण्यात आलं. जेवण, लिहिणं, कारखान्यातली नोकरी, सगळं त्यांनी उजव्या हाताने निभावलं. डाव्याला मोकळीक मिळाली ती फक्त नेमबाजीत. त्यांची पॉइंट टू-टूची रायफल खास डावऱ्यांसाठी घडवलेली होती. गोळी भरायचा बोल्ट डावीकडे, गाल टेकायचा उंचवटा उजवीकडे. "आयुष्यात माझ्या बाजूने घडवलेली ही एकच वस्तू मिळाली बघ," ते म्हणत.

आणि आता तोच हात थरथरू लागला होता. आधी करंगळी, मग मनगट. मारून शिकवलेला उजवा मात्र ठणठणीत. परवान्याची मुदत संपत आली होती आणि असा हात बघून डॉक्टर दाखला देणार नव्हते. मल्लेश्वरममध्ये ते ज्याच्याकडे राहत तो मुलगा उजवा, शिवाय बंदुकीला लांबूनच नमस्कार करणारा. परवाना असलेला कुणी डावरा मिळाला तरच रायफल त्याच्याकडे जाणार होती, नाहीतर बंदुकांच्या दुकानदाराकडे जमा. अण्णांची ती पेल्यावरची नजर त्यासाठी होती.

माझा परवाना आला तेव्हा पहिली रायफल निवडायला अण्णाच पुढे झाले. आधी त्यांनी मला दोन्ही तळहातांमध्ये छोटी खिडकी करायला लावली, त्यातून लांबच्या टार्गेटवरचा आकडा बघत हात हळूहळू तोंडाजवळ आणायला सांगितले. माणूस उजवा असला तरी त्याचा नेमाचा डोळा डावा असू शकतो. तसं असेल तर त्याने डावी रायफल घेतलेलीच बरी. माझे हात उजव्या डोळ्यापाशी येऊन थांबले. अण्णांनी ते खाली केले.

"उजवाच," म्हणाले. "असू दे. चल, उजव्या बघू."

मला राहवलं नाही. म्हटलं, "अण्णा, तुमचीच घेते मी. करीन सवय."

"सवय?" ते माझ्यावर पहिल्यांदाच चिडले. "मला पण सवयच लावलेली की. तुला कशाला?"

मग कित्येक रविवार आम्ही उजव्या रायफली बघितल्या. मला चकचकीत, हलकी हवी होती. "हलकी श्वासाबरोबर हलते. स्वल्प जड घे." किंमत विचारली की म्हणत, "आधी अंगाला बसते का बघ, भाव मग." डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची आणि डोळे उघडल्यावर नजर आपसूक साइटमधून गेली पाहिजे, मान वाकवावी लागली की ती बाद. माझ्या लग्नाच्या वेळी घरच्यांनी मुलाची एवढी चौकशी केली नव्हती. शेवटी एक जुनी, ओरखडे पडलेली रायफल अशी बसली की मी हसलेच. अण्णांनी डावा हात खिशात ठेवून उजव्याने तिच्या दस्त्यावरून हात फिरवला. स्वतःची राहिली बाजूला आणि हा माणूस माझ्यासाठी खूश झाला होता, याचं मला फार वाईट वाटलं.

रायफल जमा करायच्या आदल्या दिवशी ते तिला घेऊन क्लबात आले. खांद्याला लावली. नळी थरथरत राहिली. ट्रिगरवर बोट न नेताच त्यांनी ती उतरवली आणि माझ्याकडे दिली. "तू मार. एकदा वाजू दे." मी डाव्या खांद्याला लावली, उजवा डोळा मिटला आणि होतील तशा गोळ्या मारल्या. कागदभर भोकं पडली. मी ओशाळून उभी राहिले.

"रायफलीचा काय दोष?" अण्णा कागद बघत म्हणाले. "बाजू चुकली." मग बराच वेळ ते तिला तेलाच्या फडक्याने पुसत बसले.

त्यानंतर काही महिन्यांतच अण्णा गेले. रायफल दुकानातच राहिली. मी गोळ्या घ्यायला गेले की दुकानदार विचारायचा, "मॅडम, कोई लेफ्टी मिला क्या?" मी नकारार्थी मान हलवायची. परवा त्याने विचारलंच नाही. काउंटरवर अण्णांची रायफल उघडून ठेवली होती, लाकूड वेगळं, नळी वेगळी. दस्ता बदलून ती उजव्या माणसाच्या खांद्याला बसेल अशी करतोय, म्हणाला. मग लगेच जाईल.

मी गोळ्या न घेताच बाहेर आले. अण्णा आता नाहीत याचं त्या दिवशी मला पहिल्यांदा बरं वाटलं.