रतन डॉक्टरची गिरण

शिवऱ्याचा रतन सोनबा गायकवाड जनावरांच्या दवाखान्यात स्टॉकमन होता, म्हणजे डॉक्टरांच्या हाताखालचा माणूस. पण वेल्ह्याच्या बाजूला खरे डॉक्टर वर्षातून एकदा फिरकत आणि रतन महिन्यातून दोनदा. त्यामुळे लोकांनी डॉक्टर ही पदवी त्यालाच देऊन टाकली होती. अंगानं बारीक, बोलणं कमी, खाकी शर्टाच्या खिशात कायम एक पेचकस. गाय दाखवली की तो आधी नुसता तिच्याकडे बघत उभा राही. याला काही सुचत नाही असं वाटेपर्यंत बघे, आणि मग वाकून नेमका दुखऱ्या पायाला हात लावी.

त्याची मोटारसायकल इटलीची होती. पुण्याजवळच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या इटालियन इंजिनिअरानं ती बोटीनं बरोबर आणली होती आणि परत जाताना इथंच सोडली. भोरच्या एका वकिलांनी ती हौसेनं घेतली, पण किक मारता मारता त्यांचा गुडघा सुजला आणि गाडी परसात कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी जाऊन पडली. रतननं तिला तिथून काढलं. तांबडी, लांबट, शर्यतीसाठी घडवलेली गाडी. टाकीवर पंख पसरलेला गरुड. तिचा सिलिंडर उभा नव्हता, आडवा निजलेला होता, आणि डाव्या अंगाला इंजिनाच्या बाहेर ताटाएवढं जड लोखंडी चाक उघडं फिरायचं. रतन तिला शर्यतीच्या वेगानं कधी पळवत नसे. तसे रस्तेही नव्हते. चढाला सावकाश चालली की तिचा एकेक ठोका वेगळा ऐकू येई, पिठाच्या गिरणीच्या इंजिनासारखा. राजगडाखालच्या गुंजवणे गावच्या बाया तिला गिरणच म्हणत.

मी तेव्हा गुंजवण्याच्या शाळेवर मास्तर होतो. त्या खोऱ्यात या आवाजाला एक काम लागलं होतं, ते सांगायला हवं.

बुळकांडी हा जनावरांचा वाईट रोग. ताप चढतो, तोंड येतं, जुलाब लागतात आणि आठवड्यात गोठा रिकामा होतो. तिच्यावरची लस बर्फात ठेवावी लागे. बर्फ पुण्याहून भुशाच्या पेटीतून एसटीनं नसरापूरला येई. कधी सकाळी, कधी दुपारी, कधी येतच नसे. म्हणून अमुक दिवशी येतो असा निरोप रतनला देता येत नव्हता. आणि उन्हाळ्यात घरात वैरण नसल्यानं जनावरं बांधून ठेवणं लोकांना परवडत नव्हतं. ती सकाळीच राजगडाच्या उतारावर जात.

पण मार्गासनी सोडून गाडी आमच्या वाटेला लागली की तिचा ठोका डोंगरावर आपटून सगळ्या खोऱ्यात फिरे. तो ऐकून गुराखी जनावरं वळवत. खड्ड्यांच्या रस्त्यानं रतन पोचेपर्यंत शाळेपुढच्या मैदानात गुरं उभी असत. हे कोणी ठरवलेलं नव्हतं. होत गेलं होतं. रतन उंबराखाली गाडी लावी, हात धुई आणि लसीची भुकटी पाण्यात कालवायला घेई. एकदा कालवली की ती दोन तासांत टोचावी लागे, नाहीतर फेकून द्यायची.

अडुसष्ट सालच्या चैत्रात गाडीच्या व्हॉल्व्हची एक स्प्रिंग तुटली. त्याच आठवड्यात खात्याकडून भोरच्या दवाखान्याला नवी मोटारसायकल आली आणि सरकारी काम सरकारी गाडीवरच करायचं, असा हुकूमही आला. नव्या गाडीत खोट काढण्यासारखं काही नव्हतं. ती एका किकेला चालू होई, हलकी होती, सगळं इंजिन नीट झाकलेलं. तालुक्याचे साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी रतनला मुद्दाम बोलावून सांगितलं की, आता त्या जुन्या धुडाची हौस पुरे. रतननं मान हलवली आणि नव्या गाडीची किल्ली घेतली.

डोंगरापलीकडच्या एका वाडीत तेव्हा बुळकांडी लागल्याची बातमी होती. रतन बर्फ आणि लस घेऊन निघाला. नवी गाडी जलद. नेहमीपेक्षा वीस मिनिटं कमी वेळात तो शाळेपाशी आला. उंबराखाली उतरला, हात धुतले आणि सवयीनं लसीच्या बाटल्या फोडून कालवल्या. मग पिचकारी भरून त्यानं मान वर केली. मैदानात एक शेळी उभी होती.

नव्या गाडीचा आवाज बारीक होता. वळण ओलांडलं की मागं राहायचा. तो कुणीच ऐकला नव्हता. मी पोरांना उतारावर पिटाळलं, रतनही धावला, पण गडाच्या सोंडेवरून गुरं उतरवायला दीड तासाच्या वर वेळ लागला. दोन तास भरेपर्यंत एकवीस जनावरांना लस मिळाली. उरलेली त्यानं खड्डा खणून त्यात ओतली. गावातली चंद्राबाई आपल्या दोन म्हशी घेऊन तेव्हा कुठं मैदानात पोचली होती.

ती म्हणाली, "आज चोरावानी आलात की डॉक्टर. आमी आवाजाची वाट बगत बसलो."

 रतन खड्ड्यावर माती लोटून ती बराच वेळ पायानं दाबत राहिला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पंधरा दिवसांनी लस टोचणारी माणसं देऊन जिल्ह्याची मोटार पाठवण्याचं आश्वासन दिलं. तेवढे दिवस रोग डोंगराच्या पलीकडे थांबणार नाही, हे रतनला दिसत होतं. त्यानं एक दिवस आपली जुनी गाडी वापरण्याची परवानगी मागितली. साहेबांना हसू आलं. जी गाडी चालतच नाही तिच्यासाठी परवानगी कशी देऊ, असं ते म्हणाले. मग त्याचा चेहरा पाहून त्यांनी विचारलं, त्या गाडीत असं आहे तरी काय.

"तिचं सगळं उगडं हाय, साहेब," रतन म्हणाला. "काय दुकतंय ते डोळ्याला दिसतं. नव्या गाडीवर म्या नुसता बसतो."

आवाजाचंही त्यानं सांगितलं, आणि गुरं जमेपर्यंत उन्हात थांबलं तर बर्फ उरत नाही हेही. साहेबांनी मंगळवार दिला, पण कागदावर लिहून घेतलं की पुन्हा लसीच्या मात्रा वाया गेल्या तर जबाबदारी रतनची, आणि प्रकरण वर जाईल. वर जाईल म्हणजे नोकरीवर येईल, हे दोघांनाही कळत होतं. रतननं सही केली.

भोरच्या एसटी स्टँडमागं रखमाजीचं दुकान होतं. ऑइल इंजिनं, स्टोव्ह, सायकली, काहीही तो दुरुस्त करी, आणि करताना गिऱ्हाइकाला शिव्या देई. इटलीची स्प्रिंग सगळ्या हिंदुस्थानात मिळणार नाही हे त्यानं पहिल्याच वाक्यात ऐकवलं. रतननं बरोबर एका मोडीत निघालेल्या ट्रकच्या सीटची पोलादी तार नेली होती. ती त्यानं ऐरणीवर ठेवली.

शनिवारी दोघांनी पहिली स्प्रिंग वळवली. चिमट्याच्या आकाराची, मधे दोन वेढे. ती बसली, पण एवढी मऊ की व्हॉल्व्ह मिटेना. रविवारी दुसरी लाल करून तेलात बुडवली, ती बसवतानाच काचेसारखी मोडली आणि तिचा तुकडा रखमाजीच्या कानाजवळून गेला.

"म्हातारीला किती दिस औषदपानी करनार, रतन?" रखमाजी म्हणाला. "सरकारनं नवी नवरी दिलीया. गुमान नांदव की तिला."

"रखमाजीदादा, माज्या बापानं त्या खोऱ्यात मेलेली ढोरं वढली. म्या लस वतून टाकली ती मातीत." रतन तारेचा तिसरा तुकडा कापत होता. "मला मंगळवारी तितं आवाज पायजे."

रखमाजीनं मग थट्टा केली नाही. सोमवारी त्यानं दुकानाची एक फळी लावून घेतली आणि दुसरं काम हातात धरलं नाही. तिसरी स्प्रिंग त्यानं तापवली, तेलात विझवली आणि गरम वाळूत हलके हलके फिरवत तिचा रंग जांभळा होईतो थांबला. संध्याकाळी गाडी चालू झाली. स्प्रिंग किती टिकेल, हे दोघांनाही सांगता येत नव्हतं.

मंगळवारी बर्फ सकाळच्या गाडीनंच आला. मी तिसरीला पाढे सांगत होतो. आधी एका पोरानं मान वळवली, मग सगळ्यांनी. ठोका लांबून येत होता, जरा अडखळत; मधेच एक गळे, पुन्हा लागे. उतारावर गेनू गुराख्यानं आरोळी दिली. एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर तशाच आरोळ्या गेल्या आणि गुरं खाली वळू लागली. चढावर आवाज एकदम मंद झाला. माझा पाढा थांबला. मग ठोके पुन्हा सुरू झाले, जवळ आले, आणि रतन उंबराखाली उतरला.

या वेळी त्यानं बाटलीला हात लावला नाही. गाडीशेजारी उभा राहून त्यानं आधी मैदान पाहिलं, बोटानं जनावरं मोजली, एकशे चौदा. मग हात धुतले.

"आमच्या तांबड्या गाईनं गिरण आयकली आन् दावं तोडून पळाली," चंद्राबाई सांगत होती. "तिला बी वळकू येतीया. आनली धरून."

दीड तासात काम झालं. तांबडी शेवटची होती आणि तिनं रतनला लाथ मारली. बाटलीत उरलेलं औषध त्यानं उन्हात धरून पाहिलं. दोन-तीन थेंब होते.

पुढच्या पंधरवड्यात बुळकांडी डोंगर ओलांडून आली. खालच्या अंगाच्या वस्तीतली नऊ गुरं गेली. गुंजवण्यात एकही नाही. साहेबांनी फाइलीत नोंद केली की लसीकरणाच्या दिवशी स्टॉकमननं खाजगी वाहन वापरण्यास हरकत नाही.

स्प्रिंग मात्र मंगळवारीच परतताना नसरापुरात तुटली. रतननं गाडी एका चहावाल्याच्या दारात ठेवली, एसटीनं भोरला आला आणि बुधवारी दुकान उघडायच्या आधीच तुटके तुकडे घेऊन फळीसमोर उभा राहिला. रखमाजीनं ते उजेडाकडे धरून पाहिले.

"किती चालली?"

"जाऊन येऊन. नसरापूरपत्तुर."

"मंग आता जाड तारंची करू."

"दोन करा," रतन म्हणाला. "सोमवारी वेल्हं हाय."