आघाड्याला आमंत्रण

दिवस कलला की ती आमच्या वाडीच्या बांधावर यायची, आघाड्यापुढे उकिडवी बसायची, मुळाशी चार तांदूळ ठेवायची आणि हात जोडून म्हणायची, "उद्या येते हां न्यायला." कोणी बघतंय का, याची तिला पर्वा नसे. लग्नाला बोलवावं तसं ती झाडाला बोलवायची.

तुमच्याही गावात सुईण असेल, पण आमच्या सुईणबाईसारखी नसेल. श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाड्यांपासून कोळीवाड्यापर्यंत कितीतरी पोरं तिच्या हातावर जन्मली.

आघाडा म्हणजे लुगड्याला चिकटणारं बांधावरचं रान. हरताळकेला पत्रीत वाहायचं, एरवी उपटून टाकायचं. ती मात्र त्याच्या काडीने दात घासायची, विंचू चावला की पाला वाटून लावायची, खोकल्याला त्याची राख मधातून चाटवायची. मूळ फक्त बाळंतिणीसाठी. अडलेल्या बाईच्या केसांत ते बांधलं की मूल लवकर सुटतं, असं ती सांगे. पण आदल्या संध्याकाळी त्या बाईचं नाव घेऊन आमंत्रण द्यायला हवं. न बोलावता उपटलेलं मूळ म्हणजे नुसतं लाकूड.

आता कळा काही सांगून येत नाहीत. त्यामुळे कोणाचे दिवस भरले की ती रोज संध्याकाळी आमंत्रण द्यायची आणि बाई नाही अडली तर सकाळी येऊन झाडाची समजूत घालायची, "आज नको हां, बाय. उद्या बघू." आम्ही सुना रहाटाआड हसत असू.

मूल झालं की बायका विचारायच्या, मुलगा की मुलगी? ती आधी केसांतलं मूळ सोडायची. "थांबा, पाव्हणीला निरोप देऊ दे." उशीर झाला तर मूळ बाईचा जीवही ओढून नेतं, म्हणायची. मग ते वाहत्या पाण्यात सोडायची.

माझ्या पहिल्या वेळी तिने माझ्या नावाचं मूळ सकाळीच काढून आणलं होतं. मला कळा लागलेल्या. तेवढ्यात कोळीवाड्यातून एक म्हातारा धापा टाकत आला. त्याची सून कालपासून अडली होती. महिने भरले नव्हते, म्हणून तिच्या नावाने कोणी आमंत्रण दिलं नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, "आमच्या सुनेच्या नावाचं मूळ उंबऱ्याबाहेर जायचं नाही."

"बरोबर हाय, वयनी," ती म्हणाली. "नाव तिचं हाय. म्हून तिलाच इचारते."

तोवर मी सासूबाईंसमोर मान वर करून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "न्या," म्हटलं.

ती परतली तेव्हा तिच्या पायांना ओली वाळू होती. "बाय सुटली," एवढंच म्हणाली. मुळाला तिने समुद्रातच निरोप दिला होता आणि निरोप दिलेलं मूळ पुन्हा बांधत नाहीत. मी घाबरले. तिने सासूबाईंना माझ्या पुढ्यात बसवलं. काय करायचं ते त्यांना सांगत ती स्वतः माझ्या उशाशी बसली, आणि मूळ बांधतात तिथे माझे केस मुठीत धरले.

"आज मीच पाव्हणी," म्हणाली.

माझी लेक सासूबाईंच्या हातांत आली. त्या रडत सांगत होत्या, मुलगी झाली, मुलगी. सुईणबाईने तिकडे बघितलंही नाही. तिने आधी मूठ सोडली.

गेल्या शिमग्यानंतर ती गेली. आता तीच लेक बाळंतपणाला माहेरी आली आहे. काल संध्याकाळी मी पदरात तांदूळ घेऊन बांधावर गेले. आसपास कोणी नाही असं पाहून लेकीचं नाव घेतलं आणि हळूच आमंत्रण दिलं.

रात्रीत कळा आल्या नाहीत. सकाळी पुन्हा गेले, तर वाडीत झाडांना पाणी शिंपणं चाललं होतं. गडी हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघत राहिला. बघू दे म्हटलं. उकिडवी बसले, हात जोडले आणि त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आज नको हां, बाय. उद्या बघू."